बारमाही

मखमलाबादच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला बहिरूचं फुलांचं वावर होतं आणि वावराच्या कडेला मोटरीची खोली. खोली कसली, चार भिंती आणि वर पत्रा. आत पाण्याची मोटर, औषधाचा पंप, दोन-चार खुरपी आणि एक बाज. त्या बाजेवर घरचा धनी झोपायचा. घर हाकेच्या अंतरावर, घरात चार खोल्या, आणि तरी बहिरू मोटरीपाशी का झोपतो असं गावात कुणी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? पोराचं लग्न झालं, सून उंबरा ओलांडून आत आली, की आईबापाची अंथरुणं वेगळी होतात. ही रीतच आहे. सासऱ्यानं ओट्यावर नाही तर मळ्यात झोपावं, सासूनं नातवंडं कुशीत घ्यावीत. सून नांदत असताना सासू नवऱ्याच्या खोलीत गेली, तर सकाळी धुण्यावर बाया तोंडाला पदर लावून हसतात.

पण नवसाबाईचं अंथरूण सून यायच्या कितीतरी आधीच वेगळं झालं होतं. हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. तिला ठाऊक होतं, बहिरूला ठाऊक होतं, आणि जिनं ते वेगळं केलं त्या गोदूबाईला, बहिरूच्या आईला.

एक्क्याण्णव सालची गोष्ट. नवसाचं महिन्याचं जाणं थांबेचना. पंधरा-पंधरा दिवस अंग गळायचं, चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. एक पोरगा पदरात होता, ज्ञानेश, मिसरूड फुटायला आलेला. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, पिशवी काढावी लागेल. काढली. टाके निघाले आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काय पाळायचं ते सगळं गोदूबाईला बाजूला घेऊन सांगितलं. नवसा खाटेवर बसून पदर सावरत होती. बहिरू बाहेर व्हरांड्यात चपला हातात घेऊन उभा होता. असल्या गोष्टी थोरल्या बाईला सांगायच्या आणि थोरल्या बाईनं त्या ज्याच्या त्याच्या कानावर घालायच्या, हे डॉक्टरीणबाईंनाही माहीत होतं. त्याही इकडच्याच होत्या.

गोदूबाईनं तो निरोप घरी आणला आणि त्याचे दोन वाटे केले. नवसाचा वाटा तिनं चुलीपुढं दिला. "आता धन्यापासून लांब ऱ्हायचं बाई. डॉक्टरणीनं सांगितलंय." किती दिवस, हे गोदूबाई बोलली नाही आणि सासूला ते विचारायची नवसाची छाती नव्हती. विचारलं असतं तर कसं दिसलं असतं? पोटाची चीर अजून ओली, आणि हिला घाई!

बहिरूचा वाटा गोदूबाईनं त्याला गोठ्यात नेऊन दिला. तो काय होता ते नवसाला कळलं नाही. तिला दिसलं ते एवढंच, की त्याच सांजेला त्यानं घोंगडी काखोटीला मारली आणि निघाला.

"कुठं?" ती पडल्या पडल्या म्हणाली.

"लाईट रातची हाय. पाणी भरायचंय."

त्यानंतर त्याचं रातचं पाणी कधी सरलंच नाही.

पहिले काही महिने तिनं आनंदात काढले. बरं, आपल्या जिवाला जपतोय गडी. मग चीर सुकली, अंगात रक्त भरलं, दिवाळीला तर ती पाटीभर झेंडू डोक्यावर घेऊन बांध चढू लागली. एका दुपारी तिनं मोगरा माळला आणि त्याची भाकर घेऊन मोटरीच्या खोलीवर गेली. तो खाली मान घालून जेवला. त्याच्या खांद्यावर एक पाकळी चिकटली होती. ती काढायला तिनं हात पुढं केला, तर तो निखारा लागल्यासारखा मागं सरला.

"लांब हो," म्हणाला.

एवढंच. ती भाकरीचं फडकं घडी करून परत आली. कालव्याच्या पुलावर तिनं केसातला मोगरा काढला आणि पाण्यात सोडून दिला. त्या दिवशी तिला उमगलं, म्हणजे उमगलं असं तिला वाटलं. पिशवी गेली तशी बाई गेली. रिकामं मडकं कोण पाण्यावर नेतं? गाय भाकड झाली की तिच्या अंगावरून हात फिरवणारा गडीसुद्धा बदलतो.

तसा बहिरू वाईट नव्हता. कधी हात उचलला नाही, वाकडा शब्द नाही. फुलबाजारातून येताना तिच्यासाठी डझनभर केळी, कधी लुगडं, तिच्या ताकदीच्या गोळ्या न विसरता. पण आणायचा ते पाहुणीला आणावं तसं. ओट्यावर ठेवायचा आणि दोन पावलं मागं व्हायचा. रागीट नवऱ्याचं दुःख शेजारणीला सांगता येतं. हे कुणाला सांगायचं? ती ते ओवीत घालायची. फुलं ओवता ओवता गळ्यातून आपोआप यायचं.

दोन काठांची गं नदी, मधी वाहे एक पाणी
एका काठाची दुसऱ्याला, कधी कळंना कहाणी

गोदूबाई ऐकायची, जपमाळ थांबवायची, आणि काही न बोलता पुन्हा ओढायला लागायची. पुढं ती गेली. ज्ञानेशचं लग्न झालं, तृप्ती घरात आली, आणि नवसाला उलट सुटल्यासारखं झालं. आता तिच्या वेगळ्या अंथरुणाला रीतीचं नाव मिळालं. चार बायांसारखी तीही म्हणू लागली, "सून आली बाई, आता आपलं काय!" हे म्हणताना ती अगदी मोकळी हसायची.

तृप्ती शिकलेली होती. बीएस्सी झालेली, प्राण्यांचं शास्त्र घेऊन. नोकरी नव्हती, म्हणून पुढच्या खोलीत बारावीच्या पोरापोरींची शिकवणी घ्यायची. सात-आठ सायकली आणि एक स्कूटी संध्याकाळी अंगणात लागायच्या. मधल्या दाराला पडदा होता. पडद्याअलीकडं नवसा नात सृष्टीला मांडीशी घेऊन फुलं ओवत बसायची आणि पलीकडं तृप्तीचा आवाज. अर्धं कळायचं नाही. पण आवाज गोड होता, आणि कळलं नाही तरी ऐकावंसं वाटायचं.

दोन हजार तीनचा दसरा जवळ आला होता. झेंडूचे ढीग माजघरात छातीएवढे. त्या संध्याकाळी पलीकडं प्रजननाचा धडा होता आणि खुसखुस चालली होती. पोरं हसत होती, पोरी हसू दाबत होत्या.

"हसायला काय झालं?" तृप्ती म्हणाली. "तुम्ही सगळे झाडाला लागला होतात का? आभाळातून पडलात? मग ऐका. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरी गुलाब आहे. गुलाब कशावर लावता?"

"कलमावर, मॅडम."

"कलम लावलं की तोच गुलाब परत. तसाच रंग, तसाच वास. नर नको, मादी नको, लग्नाचा खर्च नको. मग निसर्गानं ही नर-मादीची उठाठेव केलीच कशाला?"

कुणीतरी वहीचं पान उलटलं.

"गुलाबावर भुरीचा रोग आला की काय होतं?"

"सगळा प्लॉट जातो," एक पोरगा म्हणाला. त्याच्या बापाचा बहुतेक गेला असावा, असा त्याचा आवाज होता.

"का? कारण सगळी झाडं एकच झाड आहेत. एकाला जे मारतं ते सगळ्यांना मारतं. बियात तसं नसतं. बियात दोन घरचं मिसळतं. दहा रोपं दहा तऱ्हेची. रोग आला तरी त्यातलं एखादं तग धरतं. म्हणून ही सगळी उठाठेव. निदान शास्त्रज्ञांचं म्हणणं तरी असं आहे."

"पण मॅडम," एका पोरीचा धीट आवाज आला, "जनावरांना हंगाम असतो. गाय माजावर आली तरच. माणसाला का नाही?"

आता कुणी हसलं नाही.

"हे नक्की कुणालाच माहीत नाही. वाद आहेत. पण बरेच जण म्हणतात ते असं. वासरू जन्मलं की तासाभरात उभं राहतं. आपलं पोर वर्षभर रांगतं आणि मग वीस वर्षं बापाच्या पैशावर पेट्रोल घालतं. एकट्या आईला ते निभत नाही. दोघं टिकून राहायला हवीत. म्हणून माणसात ती ओढ बारमाही राहिली. मूल होणार असो, नसो. होण्याचं वय सरून गेलं तरी. ती नुसती मुलासाठी नाही रे, एकमेकांपाशी राहण्यासाठी आहे."

"मॅडम, हे पेपरात येणार का?"

"नाही."

"मग कशाला सांगता!"

हशा झाला. पडद्याअलीकडं नवसाची सुई झेंडूत रुतून राहिली होती. एकमेकांपाशी राहण्यासाठी. तिला वाटत होतं ते मडक्यासारखं असतं. पाणी धरेतो भरायचं, फुटलं की पालथं घालायचं. जगाची समजूत तशीच होती. सासूची तशीच होती. आणि ही कालची पोर म्हणते की ते वेगळंच कशासाठी तरी होतं. मग आपण दोघं कशाच्या जोरावर राहिलो? राहिलो का?

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूसुना माळा ओवत होत्या. सृष्टी झोपली होती. नवसानं बराच वेळ दोरा चाचपला आणि म्हणाली, "काल त्या पोरीला काय सांगत व्हतीस गं? राहण्याबिहण्याचं?"

तृप्तीचे कान लाल झाले. "आई, तुम्ही ऐकत होतात?"

"मग कान काय मोटरीवर ठिवून येऊ?"

तृप्ती हसली. नवसाही हसली. मग नवसाचं हसू तसंच अर्धवट राहिलं. "आन ज्यांचं ते सुटलं, ती माणसं कशाच्या जोरावर ऱ्हातात?"

"सुटलं म्हणजे?"

"आता माझंच बघ. पिशवी काढल्यापासून डॉक्टरणीची मनाई."

"कशाची मनाई?"

"धन्याची."

तृप्तीनं माळ खाली ठेवली. "कायमची? असं कोण म्हणालं?"

"सासूबाईंनी सांगितलं. त्यांना डॉक्टरीण म्हणली व्हती."

"आई," तृप्ती हळू आवाजात म्हणाली, "ती मनाई दोन-तीन महिन्यांची असते. आतली जखम भरेपर्यंत. पुढं काही अडचण नसते. माझ्या आईचंही तेच ऑपरेशन झालंय, मी स्वतः होते तिच्यासोबत. कायमचं कुणी सांगत नाही."

नवसा रडली नाही. ओंजळीतली फुलं एकेक करून परत ढिगात टाकत राहिली, मोजत असल्यासारखी. मग म्हणाली, "नक्की?"

"नक्की."

"म्हातारी वाईट नव्हती गं," नवसा म्हणाली. सुनेनं काही म्हटलं नव्हतं, तरी म्हणाली. "तिला वाटलं असंल, पोर झालं, पिशवी गेली, आता कशाला. तिच्या लेखी तीन महिने काय आन जलमभर काय."

"नानांना विचारा ना तुम्ही." सासऱ्याला ती नाना म्हणायची. " त्यांना काय सांगितलं होतं ते."

"बारा वर्षांनी?" नवसानं सुनेकडं पाहिलं, आणि तृप्तीला आपल्या सासूच्या डोळ्यांत पहिल्यांदा भीती दिसली. "आन ते म्हणाले, मला ठाऊक व्हतं तीन महिन्यांचं, तर?"

तृप्तीनं खाली ठेवलेली माळ पुन्हा उचलली.

तिढा तिथंच होता. न विचारता नवसापाशी निदान अर्धी आशा होती. विचारलं आणि तो म्हणाला, ठाऊक होतं, मनच उडालं होतं, तर ती अर्धीही जायची. दोनदा ती मोटरीच्या खोलीपर्यंत गेली. एकदा तो झेंडूला पाणी देत होता, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, ती म्हणाली, "चहा करू का?" आणि परतली. दुसऱ्यांदा नुसतीच परतली. दसरा होऊ दे, ती मनाशी म्हणाली. दसऱ्याला उसंत कुठं असते? मग निवांत विचारू.

दारी मोगऱ्याचा येल, मांडवाला देतो हात
सुकल्या लाकडाचीबी, त्याला सोडवंना साथ

दसरा झाला. आणि मग तिच्या ध्यानात आलं की बहिरू भाकर दुधात बुडवून खातोय. दात दुखत असतील, तिला वाटलं. मग नुसतं दूध. मग दुधालाही ठसका. ज्ञानेशनं त्याला शहरात, द्वारका चौकाकडच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. अन्ननळीत गाठ होती. सुया झाल्या, शेक झाले, घरातली सगळी माणसं आळीपाळीनं दवाखान्यात राहिली, आणि माघात डॉक्टरांनी ज्ञानेशला बाहेर बोलावून सांगितलं की आता घरी न्या, घरच्यांत राहू द्या.

बहिरूला घरी आणलं. मोटरीच्या खोलीत नाही, घरात, मधल्या खोलीत, लोखंडी पलंगावर. बारा वर्षांनी तो घरात झोपला, आणि नवसाला त्याच्याजवळ जाता येईना. पाहुण्यांची रीघ लागली. त्याची थोरली बहीण चांदोरीहून आली ती पलंगाला चिकटूनच बसली. आक्का म्हणायचे तिला सगळे. भावाला चमच्यानं पाणी तीच पाजायची, पाय तीच चेपायची. थोरल्या नणंदेपुढं भावजयीनं नवऱ्याच्या पलंगावर बसायचं नसतं. नवसा दाराच्या चौकटीला टेकून जमिनीवर बसायची, आलेल्यांना चहा विचारायची आणि मधूनमधून पलंगाकडं बघायची. कधी कधी तोही बघत असायचा. मग दोघंही नजर काढून घ्यायची.

एका दुपारी तृप्तीनं आक्काला बळंच जेवायला उठवलं. "चला, तुम्हीच पडलात तर नानांचं कोण करणार?" पुरुषमाणसं ओट्यावर बसली होती. नवसा तांब्या घेऊन आत गेली. चमचाभर पाणी त्याच्या ओठांशी नेलं. निम्मं ओघळलं. ते तिनं पदरानं पुसलं, आणि या खेपेला तो मागं सरला नाही. सरायला त्याच्यात बळच नव्हतं. पण तसं नव्हतं ते. त्यानं डोळे मिटून गाल तिच्या हाताकडं किंचित कलता केला.

तिनं विचारलं. आता नाही तर कधीच नाही.

"म्हातारीनं तुम्हाला काय सांगितलं व्हतं? गोठ्यात?"

बहिरूनं डोळे उघडले. आवाज नव्हताच, नुसती हवा यायची. तिनं कान त्याच्या तोंडापाशी नेला.

"धाकटी मावशी ठावं हाय ना," तो म्हणाला. "आयेची बहीण. बाळंतपणाच्या कच्च्या अंगावर नवऱ्यानं... अन् गेली ती. आयेच्या मांडीवर गेली." तो थांबला. श्वास गोळा केला. "आय म्हणली, बहिऱ्या, हिच्या पोटात आता नुसते टाके हायत. गड्याचा भार पडला का उसवतील. तुला बायको जित्ती पायजे का?"

नवसानं त्याचे ओठ पदरानं टिपले.

"मी म्हणलं, जित्ती पायजे. म्हणली, मंग मोटरीवर झोप. कायमचा. तिला काय सांगू नको, भेदरंल."

"आन मी मोगरा माळून आले तवा? लांब हो म्हणलात."

त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "तुला नाय भ्यालो. मलाच भ्यालो."

बाहेर ओट्यावर कुणीतरी खाकरलं. भांड्यांचा आवाज येत होता. नवसाच्या घशाशी बारा वर्षं आली होती. तिनं तोंड उघडलं. तीन महिने, अहो, तीनच महिने सांगितलं होतं. शब्द जिभेवर आले.

आणि तिनं त्याच्याकडं पाहिलं. हाडांवर ताणलेली कातडी, खोल गेलेले डोळे, आणि त्या डोळ्यांत, एवढ्या दुखण्यातही, एक समाधान. जित्ती पायजे म्हणाला होता आणि जित्ती ठेवली होती. पत्र्याखाली थंडीत कुडकुडत, उन्हाळ्यात भाजत, हाकेच्या अंतरावरच्या घराकडं बघत त्यानं तिला राखली होती. हीच त्याची आयुष्यभराची कमाई. दुसरं त्याच्यापाशी आता काय होतं? ते एका वाक्यानं काढून घ्यायचं?

तिनं आवंढा गिळला. तो आपल्याला अजून गिळता येतो, याचंही तिला वाईट वाटलं.

"टाके पक्के झाले आता," ती म्हणाली.

"आं?"

"डॉक्टरणीला दाखवून आले. तृप्तीला संगं घेऊन. आतून सगळं जुळलं म्हणली. आता भ्यायचं कारण नाय."

"कधी?"

"परवा."

दाराशी हालचाल झाली. नवसानं मान वळवली. तृप्ती हातात ताट घेऊन उंबऱ्यावर उभी होती. तिनं ऐकलं होतं. सासूनं तिच्याकडं पाहिलं, आणि त्या पाहण्यात हुकूमही होता आणि विनवणीही.

"हो नाना," तृप्ती म्हणाली. आवाज फुटू नये म्हणून ती हळू बोलली. "मी होते ना. डॉक्टर म्हणाल्या, इतकी वर्षं जपलंत म्हणून जुळलं."

बहिरूनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडं ओघळलं. "बघ," तो म्हणाला. "मंग कामी आलं म्हणायचं."

"आलं की," नवसा म्हणाली. "तर काय. तुम्ही नसतं जपलं तर मी कवाच गेले असते."

मग ती सुनेला म्हणाली, "दार वढून घे."

तृप्तीनं दार ओढून घेतलं. आतून कडी नव्हती त्या दाराला. बाहेरून तिच्या पाठीचा भार दारावर पडल्याचा आवाज आला.

नवसानं पदर खोचला. पलंग अरुंद होता. तिनं त्याला हलकेच भिंतीकडं सरकवलं. लाकडाच्या ढलपीसारखा हलका. आणि त्याच्या अंगाला लागून ती आडवी झाली. भर दुपारी, भरल्या घरात, ओट्यावर पाच पुरुष बसलेले असताना. छातीत धडधड होत होती, नवी नवरी असल्यासारखी. त्याच्या अंगाला औषधांचा वास होता, आणि त्याच्या तळाशी, शोधल्यावर, त्याचा स्वतःचा. तो तिनं ओळखला.

बाहेर आक्काचा आवाज आला. "दार का लावलंय? सर बाजूला. पाणी पाजायचंय त्याला."

"आई आहेत आत."

"आत हाय म्हणजे? दार लावून? भरल्या घरात? अगं, सून बघतीय, नात बघतीय, काय लाजशरम?"

"सूनच दार धरून बसलीय, आक्का," तृप्ती म्हणाली. "तुम्ही आधी जेवण पुरं करा."

मग आक्काची पावलं स्वयंपाकघराकडं गेली, पुटपुटत, पण गेली.

आत बहिरूचा हात पांघरुणातून निघाला. तो चाचपत तिच्या पोटाशी आला आणि लुगड्यावरून, जिथं ती चीर होती, तिथं थांबला. टेकला नाही. अंगठ्याएवढी जागा सोडून तसाच अधांतरी राहिला. एवढंसं अंतर राखायलाही त्याला किती जोर लावावा लागत होता ते तिला दिसत होतं.

"दुखंल," तो म्हणाला.

"नाय दुखत."

हात तसाच होता. बारा वर्षांची सवय अशी एका दुपारी सुटते थोडीच. नवसानं आपला तळवा त्याच्या हातावर ठेवला आणि तो खाली, पोटावर टेकवला. आणि वरून घट्ट धरून ठेवला.

"दाबा," ती म्हणाली. "उसवत नाय."